पोकलेनच्या टाकीचं घोंगडं

वडगाव रासाई, तालुका शिरूर
पौषातला एक गारठलेला सोमवार

रा. रा. व्याहीबुवा साहेबराव आप्पा, मुक्काम यवत, यांना म्हस्कू कोळपे याचा दोन्ही हात जोडून जय मल्हार.

पाकीट बघून दचकू नका. कुणी गेलेलं नाही. (हल्ली पोस्टमन दारात उभा राहिला की माणूस आधी भिंतीला टेकतो, म्हणून हे पहिल्यांदा लिहिलं.) तुमचे गुडघे कसे आहेत? डावा जास्त दुखतो की उजवा, हे मी दिवाळीत विचारलं होतं, पण तेवढ्यात तुम्ही फोन ठेवलात. माझी तब्येत उत्तम आहे. खोकला आहे, पण तो आता घरच्यासारखा झाला आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तुमच्या मनात येईल. आप्पा, आपलं फोनवरचं बोलणं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही हं म्हणायचं, मी हं म्हणायचं, मग जेवलात का, मग ठेवू का. व्याह्याशी याहून जास्त काय बोलावं, हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही. लग्नात आपण गळाभेट घेतली ती फोटोवाल्यानं सांगितली म्हणून, आणि ती परत घेतली, कारण पहिल्या वेळी त्याचा फ्लॅश उडाला नव्हता. तेव्हा सविस्तर काही सांगायचं तर कागदच बरा.

विषय डिझेलचा आहे.

तुमचा रविराज आणि माझी हर्षदा चंपाषष्ठीला लडाखहून येणार, म्हणून आपण दोघांनीही आपापली घरं झाडून ठेवली होती. (तुमचं मला हर्षदानं सांगितलं. तुम्ही माळ्यावरची भांडीसुद्धा उतरवून घासलीत म्हणे.) मी अंगणाला शेणाचा सडा घातला, वांगी भाजून ठेवली, रोडग्याचं पीठ मळलं, आणि तिकडून फोन आला की रविराजचं पोकलेन सकाळी चालू होईना. डिझेल गोठलं. त्याचं एकट्याचं नव्हे, बोगद्याच्या कामावरची सगळीच मशीनं माना टाकून बसली. काम मागं पडलं आणि मुकादमानं सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द केल्या. भरीत-रोडग्याचा नैवेद्य मी देवापुढं ठेवला, थोडा वेळ देवाकडं बघत बसलो, आणि मग आम्ही दोघांनी तो संपवला. म्हणजे मीच.

आता डिझेल गोठतं हेच मला मान्य होईना. डिझेल मी उभा जन्म बघितलं आहे. सांडलेलं बघितलं, गळलेलं बघितलं, ट्रॅक्टरच्या टाकीतून नळी लावून चोरलेलं बघितलं. गोठलेलं कधी बघितलं नाही. आपल्याकडं फार तर खोबरेल गोठतं, आणि तेही बाटली उन्हात ठेवली की मुकाट्यानं पातळ होतं. हर्षदानं मला फोनवर समजावलं की डिझेलमध्ये मेण असतं, फार थंडी पडली की ते मेण सुटं होतं, डिझेल आधी गढूळ होतं, मग ते मेण फिल्टरमध्ये जाऊन बसतं आणि इंजिनाला प्यायला काही मिळत नाही. (रांजणगावच्या कंपनीत क्वालिटीला होती तेव्हापासून तिला सगळं पहिल्यापासून समजावून सांगायची सवय लागली आहे. आता त्या कॅम्पाचा स्टोअर सांभाळते, तिथं कुणाला समजावत असेल कोण जाणे.) मला तेवढ्यातून एवढंच कळलं, की माझी पोर आणि माझं अंगण यांच्यामध्ये मेण येऊन बसलं आहे. माझा हिशेब सरळ होता. डिझेल वाहिलं तर मशीन चालेल, मशीन चाललं तर काम उरकेल, काम उरकलं तर पोरं येतील. तेव्हा डिझेल वाहतं ठेवायचं काम मी अंगावर घेतलं. तुम्ही यवतला सगळी हयात इंजिनं उघडण्यात घालवलीत, तेव्हा पहिला फोन तुम्हालाच करायला हवा होता. केलाही होता. तुम्ही हं म्हणालात, मी हं म्हणालो, जेवलात का झालं, आणि डिझेल राहूनच गेलं.

मग मी दूध डेअरीवर विषय काढला. तिथं सोसायटीचे माजी चेअरमन बापूसाहेब उन्हाला बसलेले असतात, आणि त्यांना कळत नाही असा विषय अजून निघायचा आहे. त्यांनी सांगितलं की रॉकेल मिसळावं. उपाय काही खोटा नाही, ड्रायव्हर लोक करत असत, पण आता रॉकेल शोधत फिरण्यापेक्षा लडाखचा डोंगर फुंकर मारून गरम करणं सोपं. नंतर ते म्हणाले की टाकीखाली शेकोटी करावी. मी विचारलं, आणि टाकी पेटली तर? त्यावर त्यांनी बराच विचार केला आणि मग डिझेल तर नक्की पातळ होईल असं सांगितलं. त्या दिवसापासून मी सल्ले घेणं सोडलं आणि आपल्या जातीच्या माणसाला जे सुचायचं तेच मला सुचलं. घोंगडं.

आप्पा, तुम्ही हसाल, पण शांतपणे विचार करा. तुमचा-माझा बाप मेंढरांमागं उघड्या माळावर थंडीचे दिवस काढायचा ते कशाच्या जोरावर? काकडलेलं, ओलं, नुकतं जन्मलेलं कोकरू घोंगड्यात गुंडाळून छातीशी धरलं की घटकाभरात कान हलवायला लागतं. हे तुम्ही पाहिलं आहे, मी पाहिलं आहे. मग डिझेल काय कोकरापेक्षा नाजूक आहे? पोकलेनच्या टाकीच्या मापाचं घोंगडं शिवून पाठवायचं मी ठरवलं. माप घ्यायला रविराजला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं टाकी केवढी ते दोन्ही हात फाकवून दाखवायला सुरुवात केली आणि नेट अडकलं. अडकलं तेव्हा हात जेवढे फाकले होते तेवढं माप मी दोरीवर घेतलं. (पुढं कळलं, हात अजून पसरायचे होते.)

घोंगडं कुठलं घ्यायचं हा प्रश्न होता. घरात एकच खरं घोंगडं आहे. आपली मेंढरं विकायच्या आधीच्या शेवटच्या कातरणीची लोकर, आणि तिचं सूत हर्षदाच्या आईनं, म्हाळसानं, ओसरीवर बसून कातलेलं. ती गेल्यापासून ते मी पेटीत ठेवलं होतं. ते काढलं. घोंगडं आपण पूजेला मांडतो, त्याला आपल्या हातानं कात्री लावायला मन धजेना, म्हणून शिवणारीकडं नेलं. आपली शेजारीण ताईबाई. तिनं कात्री खाली ठेवली आणि मला विचारलं, "भावजी, टाकीला थंडी वाजती असं तुमाला कुनी सांगितलं?" मी म्हणालो, जावयानं. जावयाचं नाव निघाल्यावर तिनं कात्री उचलली, मापाप्रमाणं कापलं, चारी बाजूंनी दुमडून शिवलं, टाकीचं झाकण वर यावं म्हणून मधोमध गोल भोक पाडलं, आणि भोकाच्या कडेला लाल दोऱ्यानं गोट मारून दिला. वस्तू देखणी झाली. एखाद्या पोकलेनचं लग्न निघालं असतं तर आहेरात शोभली असती.

पण पाठवायच्या आधी परीक्षा घ्यावी, असं मला वाटलं. आपल्याकडं तेवढी थंडी नाही. थंडी कुठं मिळेल? तेव्हा मला ईश्वर आठवला. शिरूरला स्टँडजवळ त्याचं कुल्फीचं दुकान आहे, माणूस भिलवाड्याकडचा, माझं दूध घेतो. हिवाळ्यात कुल्फी कोण खातो, त्याचा डीप फ्रीज निम्मा मोकळा असतो. मी डिझेलच्या दोन बाटल्या भरल्या. एक उघडी, एक भोक पाडताना निघालेल्या तुकड्यात गुंडाळून गच्च बांधलेली. ईश्वरला सांगितलं की औषध आहे. (हे तसं खरंच होतं.) दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊन बघतो तर दोन्ही बाटल्या डालड्यासारख्या पांढुरक्या आणि घट्ट. उघडीचं सोडा, घोंगड्यातली बाटली उलटी केली तरी थेंब हलेना. शहाण्या माणसानं इथं थांबावं. मी असा निष्कर्ष काढला की तुकडा लहान होता.

शिवाय एका बाटलीचं बूच सैल होतं. ईश्वरनं झाकण उघडलं, वास घेतला आणि माझ्याकडं असं बघितलं की मी नजर चुकवून भिंतीवरचा दरफलक वाचायला लागलो. तो शांतपणे म्हणाला, "काका, ये फ्रीजर है, पंप नहीं." पण तेवढ्यावर भागलं नाही. त्याच फ्रीजमध्ये एका साखरपुड्याची मलई कुल्फी तयार होऊन पडली होती, आणि दुसरी बनवायला वेळ नव्हता. ईश्वरनं सगळ्यावर वेलची भुरभुरवली, देवाचं नाव घेतलं आणि ऑर्डर पाठवून दिली. साखरपुड्याला बापूसाहेब पहिल्या रांगेत. त्यांनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि वाढप्याला विचारलं की यात केशर कुठलं घातलंय. शेजारी उभा असलेला ईश्वर म्हणाला, इराणचं. तेलाच्या देशाचंच नाव घेतलं, म्हणजे फार खोटंही बोलला नाही. पंगतीत कुणाला काही झालं नाही. फक्त दिवसभर ढेकर ट्रॅक्टरचा आला, असं काहींनी मला खासगीत सांगितलं.

पार्सल मी रांजणगावच्या कुरियरवाल्यांकडं दिलं. काउंटरवरच्या मुलीनं वस्तू काय म्हणून विचारलं, मी घोंगडं म्हणालो. ती म्हणाली, अंगावर घ्यायचं की अंथरायचं? मी म्हणालो, टाकीवर घालायचं. तिनं ब्लँकेट असं टाइप केलं. पुढं ते पार्सल कुठं कुठं हिंडलं कोण जाणे. तेवढ्या वेळात आपली मेंढरं कोकणात उतरून, चरून, वाटेत वेत होऊन माघारी आली असती. मी रोज डेअरीवरून आलो की फोन घेऊन बसायचो. वाट बघायला काहीतरी होतं, आप्पा. खरं सांगतो, ते दिवस बरे गेले.

गेल्या आठवड्यात पार्सल पोचलं आणि हर्षदाचा व्हिडिओ कॉल आला. मी बघतो तर काय, टाकीच्या झाकणासाठी पाडलेल्या भोकातून माझ्या पोरीचं डोकं वर आलेलं. लाल दोऱ्याचा गोट बरोबर गळ्याभोवती, आणि घोंगडं दोन्ही खांद्यांवरून खाली. मी म्हणालो, अगं, ते मशीनचं आहे. तर म्हणाली, "न्हाई आबा, हे मी टाकीला न्हाई घालायची. ह्याला आईच्या हाताचा वास येतोय." नेट त्या दिवशी अगदी स्वच्छ होतं. मी मात्र आवाज तुटतोय असं सांगून फोन गुडघ्यावर पालथा घातला.

मग रविराज बोलला. तुमचा मुलगा गुणाचा आहे, आप्पा. सासऱ्याला हसला नाही. म्हणाला की आता तिकडं खास थंडीचं डिझेल येतं, त्यात वरून एक औषधही घालतात. काम संपलं की टाकी काठोकाठ भरून ठेवतात, मशीन वाऱ्याच्या आडोशाला लावतात, सकाळी इंजिन गरम करायची वेगळी सोय केली आहे. आणि मग हळूच म्हणाला, "मामा, घोंगडं ऊब करत न्हाई. आत असंल ती धरून ठेवतंय. कोकरू जित्तं असतंय, त्याच्या अंगात ऊब असती. मशीन बंद झालं की आत काय ऱ्हातंय?" मी हो म्हणालो. एवढी मोठी धनगराची जात, आणि ही गोष्ट मला पोकलेनवाल्याकडून कळायची होती. मग मी मुद्द्याचं विचारलं, की डिझेल वाहायला लागलं, आता येताय कधी? तो म्हणाला, आता मशीनं बंदच पडत नाहीत, म्हणून काम थांबत नाही, आणि काम थांबत नाही म्हणून सुट्टी नाही. चैत्रात बघू. म्हणजे डिझेल गोठलं तरी येणार नव्हते आणि वाहिलं तरी येणार नाहीत. माझा सगळा हिशेब बरोबर होता, फक्त उत्तर उलटं आलं.

त्या फोननंतर मी घराकडं नीट बघायला लागलो. दारं लावतो, फटीत गोणपाट कोंबतो, दोन दोन रजया अंगावर घेतो, तरी घर गारच. रविराजनं टाकीचं सांगितलं, मला माझ्या घराचं कळलं. सकाळी चहा टाकतो तो अजून दोघांचा होतो, आणि ओतून टाकवत नाही म्हणून मीच दोन्ही कप पितो. (त्यानं पित्त होतं. खोकल्याचं वर लिहिलंच आहे.) टीव्हीवर शेतीचा कार्यक्रम लावून ठेवतो, ऐकत नाही, पण घरात कुणीतरी बोलत असतं. उसातून बिबट्या हिंडतो म्हणून गाव भ्यालेलं आहे. माझ्या वस्तीवरून मात्र तो न थांबता जातो. मेंढरं विकली, कुत्रं मेलं, आता इथं काय आहे हे त्यालाही कळलं असावं. आप्पा, मला करमत नाही. हे मी गावात कुणाजवळ बोललो नाही आणि पोरीला तर बोलणारच नाही.

तुम्हाला का लिहिलं, तेही सांगतो. दुधाचा टेम्पो चालवणारा रुद्र पुण्याला जाताना यवतला चहाला थांबतो. त्यानं परवा मला सांगितलं, "तात्या, तुमचं व्याही धाब्यावर बसत्यात. लांबून आलेला ट्रक दिसला की ड्रायव्हरला इचारत्यात, वर थंडी किती हाय." मग मला कळलं की तुम्ही फोनवर हं म्हणून गप्प का होता. विहीणबाई गेल्या त्याला आता वरीस होईल. तुमच्याकडंही चहा कुणासाठी होतो? मी येऊन बसलो असतो हो तुमच्यापाशी. पण मुलीच्या बापानं नातवंड होईपर्यंत मुलीच्या घरचं पाणी पिऊ नये, असं आपल्यात म्हणतात, आणि मुलगी घरी नसताना तर तिच्या सासऱ्याच्या ओट्यावर काय म्हणून बसायचं? तुम्ही मुलाचे बाप. तुम्ही बोलावल्याशिवाय यायचं नाही, आणि बोलावणं म्हटलं की टॉवेल-टोपी, नारळ, चारचौघं, पुरणपोळी आलीच. आपल्या दोघांमधल्या नदीला पूल आहे, एसटी आहे, आणि तरी आपण दोघं दोन काठांवर एकेकट्याचा स्वयंपाक करतो आहोत. लोक याला रीत म्हणतात.

असो. पाल्हाळ फार झालं. बाकी विशेष काही काम नाही, सहज लिहिलं. आहे तो जिव्हाळा आहे तिथंच राहू द्यावा आणि गुडघ्याला तिळाचं तेल लावत जावं.

तुमचा,
म्हस्कू

ता. क. बापूसाहेब तुम्हाला यवतच्या बाजारात भेटले तर कुल्फीचा विषय काढू नका. नातीच्या वाढदिवसाला तीच केशराची कुल्फी हवी म्हणून ते ईश्वरच्या मागं लागले आहेत, आणि ईश्वर माझ्या मागं.

ता. क. दुसरा. रविराज म्हणाला ते डिझेलचं औषध मी शिरूरला शोधून एक बाटली आणली. आपल्याकडं त्याची गरज नाही हे दुकानदारानंही सांगितलं, तरी आणली. त्यावर लिहिलं आहे की डिझेल पातळ असतानाच हे घालावं, एकदा जमल्यावर घालून फायदा नाही. हे वाचलं आणि मी तुम्हाला पत्र लिहायला बसलो.

ता. क. तिसरा. वर काही काम नाही असं लिहिलं आहे, ते खोडायचं राहिलं. तुम्ही या. बोलावणं म्हणजे हेच समजा. टॉवेल-टोपी आणून ठेवली आहे, टोपीचं माप लग्नाच्या फोटोवरून अंदाजानं घेतलं. चारचौघं बोलावणार नाही. पुरणपोळी मला येत नाही, पण भाकरी गोल होते. गावात मी सांगून ठेवलं आहे की व्याही ट्रॅक्टरचं इंजिन बघायला येणार आहेत, तेव्हा तुमच्या मानाला धक्का नाही. इंजिनाला काही झालेलं नाही, पण तुम्ही उघडायला घेतलंत तर चैत्रापर्यंत पुरेल एवढं उघडा. आणि येताना तुमच्या घराला कुलूप जरा मोठं लावा. लहान कुलूप बघितलं की शेजारपाजारचे विचारतात, संध्याकाळी परत येणार ना म्हणून.